विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' बघू का? उत्तर जरा लांबलंय

काका म्हणालास म्हणून सरळ अरेतुरे करतो. तू विचारलंयस की विली नेल्सन ह्या अमेरिकन कंट्री गायकाचा (कंट्री म्हणजे तिकडचं खेड्यापाड्यातून आलेलं गाणं) १९८६चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचा पिक्चर, बघायचा विचार आहे, पण ज्याने बघितलाय तो एकतर 'भारी आहे' म्हणतो नाहीतर 'अर्ध्यात बंद केला' म्हणतो, मधलं कोणीच काही बोलत नाही, तर हे सगळं बजेट कमी पडल्यामुळे झालंय का. मी हा पिक्चर चार वेळा पाहिलाय. बारा वर्षं टेक्ससमधल्या ऑस्टिनला काढली, तिथे विली म्हणजे घरचाच माणूस, दूध आणायला दुकानात गेलं तरी त्याचंच गाणं चालू असतं, त्यामुळे माझं मत एकदम निःपक्षपाती वगैरे आहे असं समजू नकोस.

आधी विलीच्या ह्याच नावाच्या गाण्यांच्या रेकॉर्डबद्दल बोलावं लागेल, कारण पिक्चर तिच्यातूनच निघालाय. १९७५च्या जानेवारीत विलीने टेक्ससमधल्या गार्लंडला एका स्टुडिओत बसून ही रेकॉर्ड केली, खर्च साधारण ४ हजार डॉलर. त्याची गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफेलचं माउथ ऑर्गन, ड्रम्स-बास अगदी जेवढ्यास तेवढे, बस. रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीतल्या लोकांनी ऐकली तर त्यांना वाटलं हा डेमो आहे, खरी रेकॉर्ड अजून व्हायचीय. पण विलीने करारातच लिहून घेतलं होतं की मी देईन तेच छापायचं, म्हणून ती तशीच बाजारात आली आणि तिच्यातलं 'ब्ल्यू आइज क्रायिंग इन द रेन' हे त्याचं गायक म्हणून कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलेलं पहिलं गाणं ठरलं. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता! त्याआधी नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्रीच्या माहेरघरी, बरीच वर्षं दुसऱ्यांना गाणी लिहून देत होता.

रेकॉर्डमधली गोष्ट दोन ओळींची आहे. एका धर्मोपदेशकाची बायको त्याला सोडून जाते, तो तिला आणि तिच्या याराला शोधून गोळ्या घालतो, मग काळ्या घोड्यावर बसून, बायकोचं तपकिरी तट्टू बरोबर घेऊन रानोमाळ फिरत राहतो. एका गावात पिवळ्या केसांची एक बाई त्या तट्टूला हात लावते, तर तो तिलाही मारतो. पुढे डेन्व्हरला कधीतरी त्याच्या जिवाला थोडी शांतता मिळते. मधेमधे ते 'टाइम ऑफ द प्रीचर' (प्रीचर म्हणजे तो धर्मोपदेशकच) कीर्तनातल्या पालुपदासारखं परत परत येतं आणि आपण डोळे मिटून ऐकत राहतो.

आता पैशाची गोष्ट. पटकथा बिल विट्लिफची, दिग्दर्शनही त्याचंच (पुढे १९८९ला 'लोनसम डव्ह'ची टीव्ही मालिका लिहिली तोच हा). मुळात युनिव्हर्सल स्टुडिओने रस घेतला होता, १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास बजेट, आणि हिरो म्हणून रॉबर्ट रेडफर्ड. विलीच्या गोष्टीत विलीच नाही! ते काही जमलं नाही. आणि १९८०ला 'हेवन्स गेट' हा वेस्टर्न जो आपटला, साधारण ४ कोटी ४० लाख डॉलर घालून त्याचा दहावा हिस्साही परत आला नाही (त्यात हिरो कोण, तर क्रिस क्रिस्टोफरसन, तोही कंट्रीवालाच), त्यानंतर वेस्टर्न म्हटलं की स्टुडिओवाले दार लावून घ्यायचे. शेवटी विट्लिफ आणि विलीने इकडून तिकडून पैसे उभे केले आणि १८ लाख डॉलरमध्ये पिक्चर काढला. म्हणजे युनिव्हर्सलच्या आकड्याच्या सातव्या हिश्शात.

१८ लाखात वेस्टर्न म्हणजे काय ते तुला कळायला पाहिजे. जुन्या काळचा कुठलाही पिक्चर घे, कपडे आले, बग्ग्या आल्या, घोडे आले, घोडे सांभाळणारे आले, आणि मुख्य म्हणजे अख्खं गाव आलं, विजेचे खांब न दिसणारं. विलीने काय केलं, ऑस्टिनच्या पश्चिमेला स्पाइसवुड म्हणून जागा आहे तिथल्या आपल्या रानातच गाव बांधून घेतलं. चर्च, दारूचा गुत्ता, दुकानं, सगळं लाकडात. बँडमधले लोकच पिक्चरमध्ये घेतले, त्याचा ड्रमर पॉल इंग्लिश दिसेल तुला. घरच्याच माणसांना घेऊन लग्न उरकावं तसा हा पिक्चर उरकलाय, आणि मी हे कौतुकाने म्हणतोय.

शूटिंग संपल्यावर सेट पाडायचा असतो, ह्यांनी पाडला नाही. त्या गावाला 'लक' म्हणतात आणि विलीचा त्यावर ठरलेला विनोद आहे, इथे आहात तोवर लकमध्ये, बाहेर पडलात की लकच्या बाहेर. दरवर्षी मार्चमध्ये तिथे गाण्यांचा जलसा होतो, मी एकदाच गेलोय. चर्चमध्ये जेमतेम काही बाक, आत एक पोरगी गिटार घेऊन गात होती आणि आम्ही पन्नासेक जण दाटीवाटीने उभे. भिंतीला हात लावून बघितला तर फळ्यांमधून बाहेरचं ऊन दिसत होतं, एवढ्या फटी. मनात म्हटलं हे १९८५-८६ला दोन-चार महिने टिकलं तरी पुरे म्हणून बांधलेलं असणार आणि अजून उभं आहे! तो पिक्चर किती जणांना आठवतो माहीत नाही पण गाव मात्र पिक्चरपेक्षा जास्त चाललं.

पण ह्यातच एक गोची आहे जी वेस्टर्नवाले लगेच पकडतात. गोष्ट घडते मोंटानात, ड्रिस्कॉल नावाच्या गावात, आणि पडद्यावर दिसतो टेक्ससचा हिल कंट्री, म्हणजे चुनखडीचे पांढरट दगड, बुटके पसरट ओक आणि सीडरची झुडपं. मोंटाना म्हणजे पार कॅनडाच्या सीमेवर. कोयनेचं जंगल म्हणून जतचा माळ दाखवावा तसं झालंय. मला स्वतःला ह्याचा त्रास होत नाही, त्या वैराण जागेत त्या माणसाचं एकटेपण बरं उठून दिसतं, पण ज्याला होतो त्याला होतो.

तर आता लोक काय म्हणतात ते. ऑस्टिनला आमचा सात-आठ जणांचा ग्रुप होता, मराठी घरं तीन, बाकी तिथलेच, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जुना वेस्टर्न लावायचो. हा लावला तेव्हा जी भांडणं झाली तशी परत कधीच झाली नाहीत. एकाचं म्हणणं, विली लग्नाचा नवरा म्हणून म्हातारा दिसतो. बरोबरच आहे, १९३३चा जन्म, पन्नाशी उलटलेली, आणि बायको कोण तर मॉर्गन फेअरचाइल्ड, जी तेव्हा टीव्हीवरच्या श्रीमंत घराण्यांच्या मालिकांमधून लोकांना माहीत होती. बालगंधर्व उतारवयातही नायिका करायचे आणि लोक बघायचे, पण तिथे समोर गाणं होतं ना! इथे गाणी बहुतेक मागून येतात आणि विली नुसता घोड्यावर बसलेला असतो. ज्याच्या आवाजासाठी आलो त्यालाच गप्प बसवलंय असं त्या माणसाचं म्हणणं, आणि मला ते खोडता आलं नाही.

दुसरा, टेक्ससचाच, तो म्हणाला की विली अभिनय करतच नाही हीच तर मजा आहे, तो चेहराच असा आहे की त्याने काही केलं नाही तरी चालतं. मी ह्याच्या बाजूचा. त्याच्याभोवती नटही मुरलेले घेतलेत, शेरीफ आर. जी. आर्मस्ट्राँग, आणि गावाचं पाणी दाबून बसलेला म्हातारा क्लेव्हर म्हणजे रॉयल डानो, दोघांचं आयुष्य वेस्टर्नमध्ये गेलेलं. आपण मराठी माणसं पाण्यावरची दादागिरी पटकन समजतो, त्यामुळे तो भाग आमच्या तिघांच्या घरी जास्तच पटला.

आणि तिसरं मत आमच्या एका मैत्रिणीचं. ती मधेच उठून स्वयंपाकघरात गेली. आम्हाला वाटलं चहा टाकतेय. परत आली आणि म्हणाली, ह्याने बायकोला मारलं, त्या पिवळ्या केसांच्या बाईला मारलं, आणि ह्याला पुढे कॅथरीन रॉससारख्या नटीने केलेली बाई, तिचं पोर, शेत, सगळं आयतं? कोणी काही बोललंच नाही. खरं तर तिने पिक्चरची नेमकी दुखरी नस धरली होती. रेकॉर्डमध्ये ती बायको म्हणजे नुसतं एक दुःख आहे, तिला चेहरा नाही, आवाज नाही, म्हणून आपण खून ऐकून घेतो. पिक्चरमध्ये तीच बाई आधी आपल्यासमोर वावरते, पूर्वेकडच्या शहरातून ह्या धुळीच्या गावात तिला आणलंय आणि तिला हे आयुष्य नकोय हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. एकदा ते दिसलं की मग बंदूक चालल्यावर आपण पहिल्यासारखे नवऱ्याच्या बाजूने राहत नाही. ह्याला बजेट काय करणार? १ कोटी ३० लाख घातले असते आणि रेडफर्ड आणला असता तरी हा प्रश्न तिथेच असता, उलट रेडफर्डला बघून लोकांनी आणखी पटकन माफ केलं असतं, म्हणजे अजूनच वाईट.

म्हणून मी म्हणतो की हा पिक्चर फसलाय तो पैशाने नाही. पैशाची बाजू त्यांनी बरीच सांभाळलीय, लाकडी गाव खरं वाटतं, घोडे खरे वाटतात, उगाच मोठेपणाचा आव नाही. फसलाय तो तिथे, जिथे गाण्याने मोकळी सोडलेली जागा पटकथेने भरायला घेतली. विट्लिफला मधे शेरीफ, क्लेव्हर, पाणी, सूड हे सगळं घालावं लागलं कारण पावणेदोन तास काढायचे होते, आणि ते घातल्यावर प्रीचरचं पाप बाजूला पडून तो साधा बंदूकवाला हिरो होतो. शेवटची मारामारी कुठल्याही वेस्टर्नमध्ये शोभली असती, ह्या गोष्टीत नाही शोभत.

ज्यांना आवडतो ते जवळजवळ सगळे रेकॉर्ड पाठ असलेले लोक आहेत, हेही लक्षात घे. त्यांना मधल्या मोकळ्या जागेत गाणं ऐकू येतं, न वाजवलेलंसुद्धा. ज्याने रेकॉर्ड ऐकलीच नाही त्याला तिथे नुसता एक म्हातारा घोड्यावर दिसतो. तुला दोन टोकाची मतं मिळतायत ती ह्यामुळे.

तर माझं ऐकशील तर आधी रेकॉर्ड ऐक, अर्धा-पाऊण तासाचं काम आहे, रात्री दिवे घालवून. मग लगेच पिक्चर लावू नकोस, मधे 'बार्बरोसा' बघ, १९८२चा, तीच पटकथालेखक आणि विलीची जोडी, बरोबर गॅरी बुझी, दिग्दर्शक ऑस्ट्रेलियाचा फ्रेड शेपिसी. त्यात विलीचं जे दंतकथा झालेल्या माणसाचं रूप आहे ते इथल्यापेक्षा कितीतरी नीट बसलंय, पहिल्यांदा बघणाऱ्याला मी नेहमी तोच सांगतो. कंट्रीवाल्यांचे असले उद्योग आणखी बघायचे असतील तर जॉनी कॅशचा १९७१चा 'अ गनफाइट' घे, समोर कर्क डग्लस, आणि पैसे कोणी घातले तर जिकारिया अपाची जमातीने, आणि पिक्चरमध्ये अपाचींची गोष्टच नाही! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जाम हसलो होतो.

मग 'रेड हेडेड स्ट्रेंजर'. लहान मोबाईलवर बघू नकोस, त्या माळरानाचं काहीच उरणार नाही. आणि सूनबाईंना, म्हणजे तुझ्या बायकोला, सोबत बसवणार असशील तर ती पिवळ्या केसांची बाई मारली जाते हे आधीच सांगून ठेव. आमच्या त्या मैत्रिणीने नंतर तीन महिने आम्हाला सिनेमा निवडू दिला नव्हता.