एलईडी टीव्हीला आवाज येतो, पण चित्र दिसत नाही. पॅनेल गेलं का?

लगेच पॅनेल गेलं असं धरू नका. आधी टीव्हीच्याच रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू नीट दिसला तर पॅनेल ठणठणीत आहे. दोष बहुधा सेट-टॉप बॉक्सचा, एचडीएमआय केबलचा किंवा पोर्टचा. केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

मेनूही दिसत नसेल तर भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभराने परत चालू करा. तरीही अंधारच? मग खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू ठेवून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा. आत पुसटशी हलणारी चित्रं दिसली तर पॅनेल बहुधा शाबूत आहे, फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलाय. आतल्या पट्ट्यांवरचे छोटे एलईडी बहुतेक वेळा एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एक उडाला की अख्खी ओळ विझते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये सर्किट सगळाच बॅकलाइट बंद करतं. कधी टीव्हीला वीज पुरवणारा आतला पॉवर बोर्डही कारण असतो. (ओएलईडी टीव्हीला बॅकलाइटच नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही.)

पट्ट्या बदलणं नव्या पॅनेलपेक्षा खूपच स्वस्त पडतं. मेकॅनिक न बघताच ‘पॅनेल गेलं’ म्हणाला, तर त्याच्यासमोर टॉर्च मारून दाखवा. बदलताना पूर्ण संच बदलायला सांगा, आणि नंतर बॅकलाइट शंभरवर ठेवू नका. उष्णतेने हे एलईडी लवकर जातात. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते.