कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेटशिवाय ४० संगणकांवर डेबियन कसं टाकावं?

सांगलीतल्या कॉलेजची लॅब, ४० संगणक, इंटरनेटचा भरवसा नाही, आणि पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक मशीनपुढे बसायचं नाही, आणि तरी सगळीकडे डेबियन (लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय, असा तुमचा प्रश्न आहे. हे जमतं. फक्त एक पथ्य पाळा: लोकल मिरर (डेबियनच्या पॅकेजांची आपल्याकडची प्रत) आणि नेटबूट इन्स्टॉलर (नेटवर्कवरून सुरू होणारा इन्स्टॉलर) एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आणा. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

मिररसाठी १ टीबीची डिस्क असलेलं कुठलंही मशीन चालेल, तोच तुमचा सर्व्हर. इंटरनेट जिथे धड चालतं तिथे नेऊन त्यावर डेबमिरर (मिररची प्रत उतरवणारा प्रोग्रॅम) चालवा. सगळी मशीनं ६४ बिटची असतील तर फक्त एएमडी६४ (६४ बिटची पॅकेजं) घ्या, सोर्स पॅकेजं वगळा. पॅकेजांच्या ‘मेन’ या मुख्य सेक्शनबरोबर नॉन-फ्री-फर्मवेअर (हार्डवेअरला लागणारं फर्मवेअर) आणि ‘मेन/डेबियन-इन्स्टॉलर’ हा सेक्शन न विसरता घ्या. इन्स्टॉलरला लागणारे कर्नल मॉड्यूल (सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे जोडभाग) या शेवटच्या सेक्शनमधून येतात. तो राहिला की मेनू दिसतो, नेटवर्क मिळतं आणि मग ‘कर्नल मॉड्यूल सापडले नाहीत’ असा लाल पडदा येतो.

सेक्शन घेऊनही हाच लाल पडदा आला, तर इन्स्टॉलर शिळा झालाय असं समजा. डेबियनची नवी पॉइंट रिलीज (त्याच आवृत्तीची सुधारित प्रत) आली की कर्नल बदलतो. डेबमिरर जुन्या फाइली काढून टाकतो, पण टीएफटीपी (बूटच्या फाइली नेटवर्कवरून देणारी सेवा) फोल्डरमधला तुमचा इन्स्टॉलर मात्र जुनाच कर्नल घेऊन बूट होतो. म्हणून मिरर अपडेट केला की नेटबूटचा टारबॉलही (एकत्र बांधलेली फाइल) नवा उतरवायचा. तो टीएफटीपीच्या मूळ फोल्डरमध्ये जसाच्या तसा उघडा. आतली फोल्डरं हलवलीत तर यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायॉस) मशीनवर ग्रब या बूटलोडरचा नुसता प्रॉम्प्ट येऊन थांबतो.

मशीनं नेटवर्कवरून बूट करायला (याला पीएक्सई म्हणतात) सर्व्हरवर डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम पुरतो. लॅबच्या राउटरवर डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) चालू असेल तर डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडमध्ये (पत्ते न वाटता फक्त बूटची माहिती देणारा) ठेवा, दुसरा डीएचसीपी उभा करू नका. जुन्या बायॉसला पीएक्सईलिनक्सची फाइल लागते, यूईएफआयला वेगळी. डीएनएसमास्कच्या सेटिंगमध्ये दोन्हींची ओळ लिहा. ३२ बिटची मशीनं असतील तर डेबियन १३ ला त्यांचा इन्स्टॉलरच नाही, तिथे १२ घ्या.

इन्स्टॉलर विचारतो त्या प्रश्नांची उत्तरं प्रीसीड फाइलमध्ये (आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांची फाइल) द्या आणि ती त्याच सर्व्हरवरून वेबमार्फत पुरवा. मिररचा पत्ता देताना सिक्युरिटी अपडेट्सचा पत्ताही लोकल द्या. सिक्युरिटीचं आर्काइव्ह वेगळं असतं, त्यासाठी डेबमिरर दुसऱ्यांदा चालवावा लागतो. तो पत्ता राहिला तर इन्स्टॉलर बाहेरचं इंटरनेट शोधत ताटकळतो. सिक्युरिटीच्या रिलीज फाइलला (पॅकेजांची सही केलेली यादी) मुदतही असते. मिरर महिनाभर तसाच पडला तर एपीटी (डेबियनचा पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम) ‘मुदत संपली’ म्हणून ती नाकारतं.

घड्याळही बघा. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि डेबियनची सही ‘भविष्यातली’ ठरते. चूक मिररची वाटते, दोष त्या सेलचा असतो. सेल बदला, आणि सर्व्हरवरच एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) ठेवून त्याचा पत्ता प्रीसीडमध्ये द्या.

स्विच गिगाबिटचाच हवा. मशीनमागे दीड जीबी धरला तर एकूण ६० जीबी होतात. सर्व्हरची वायर १०० एमबीपीएसची असेल तर नुसत्या वाहतुकीलाच दीड तास जातो, गिगाबिटवर दहा मिनिटांच्या आत काम होतं. मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) असेल तर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारं सेटिंग) चालू करा. नाहीतर पोर्ट जागा होईपर्यंत पीएक्सई कंटाळून पुढे निघून जातं. सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते सांगलीकरांना सांगायला नको.

आधी एकच मशीन लावून बघा. प्रीसीड डिस्क न विचारता पुसतं, त्यामुळे जपायचा डेटा असलेली डिस्क आधी काढून ठेवा. बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क पहिलं ठेवू नका, इन्स्टॉलच्या वेळी एकदाच बूट मेनूतून निवडा. नाहीतर काम संपून रीस्टार्ट झालं की तेच मशीन पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल व्हायला लागतं.