स्ट्रीट फायटरमधला धालसिम स्पर्धेत खरंच चालतो का?

तुमचा प्रश्न असा की स्ट्रीट फायटर ६ ही मारामारीची व्हिडिओ गेम नव्याने शिकायला घेतलीय, हातपाय ताणून लांबून मारणारा भारतीय योगी धालसिम मनात भरलाय, पण मित्र म्हणतात हा स्पर्धेत चालत नाही, केन नाहीतर ल्यूक घे. मी चौथ्या भागापासून धालसिमच खेळतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे मित्र अर्धं खरं सांगतायत. धालसिम भल्याभल्यांना घरी पाठवतो, पण सगळ्यात मोठा करंडक त्याच्या हाती लागत नाही. ईव्हो म्हणजे अशा गेम्सची अमेरिकेत दरवर्षी भरणारी सगळ्यात मोठी स्पर्धा. २००९ ते २०२४ या काळातले तिचे स्ट्रीट फायटर विजेते बघा, त्यात एकही धालसिमवाला नाही. आणि असंही नाही की तिथे फक्त रियू-केनसारखी लोकप्रिय कॅरेक्टर्सच जिंकतात. २०१३ मध्ये सिंगापूरच्या शियानने जेन घेऊन ईव्हो मारली, २०१४ मध्ये फ्रान्सच्या लफीने रोझ घेऊन, तीही पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर. म्हणजे कमी खेळली जाणारी कॅरेक्टर्स जिंकू शकतात. मग धालसिमचंच घोडं कुठे अडतं?

एके काळी अडत नव्हतं. १९९४ चा सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो आजही जपान-अमेरिकेत जिद्दीने खेळला जातो आणि त्यात धालसिम अगदी वरच्या फळीत मोजतात. कारण साधं आहे. त्या गेममध्ये डॅश नाही. जवळ यायचं तर चालत या, नाहीतर उडी मारा. चालत आलात की लांब हात, उडी मारलीत की वर जाणारा पाय, आणि फायरबॉल टाकलात तर धालसिम त्याच्या खालून घसरत येऊन तुमच्याच पायाला लागतो. जवळ येऊन पकडल्याशिवाय काही करू न शकणारा पैलवान झँगिफ, त्याच्या खेळाडूला तर त्याच्यासमोर रडू यायचं बाकी असतं.

नंतरच्या प्रत्येक भागाने जवळ यायचा एकेक नवा रस्ता उघडला. चौथ्यात फोकस अटॅक आला, एक फटका पचवून पुढे डॅश. सहाव्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट दोन फटके पचवतो, आणि ड्राइव्ह रशने अर्धा स्क्रीन क्षणात पार होतो. आता इथे धालसिमची मूळ गोम लक्षात घ्या. त्याचा हात लांब होतो तेव्हा त्या हाताबरोबर त्याचं शरीरही लांब होतं. तो ताणलेला हात म्हणजे मार खायची जागा. समोरच्याला तुमच्यापर्यंत पोचायची गरजच उरत नाही, तुमची मूठ त्याच्या पल्ल्यात आली की पुरे.

हे मला नीट कळलं ते एका रविवारी, पुण्यातल्या एका छोट्या स्पर्धेत. एक-एक बरोबरी, शेवटचा राउंड, समोर केन. त्याच्याकडे एका योगा फायरपुरता, म्हणजे धालसिमच्या एका आगीच्या गोळ्यापुरता, जीव शिल्लक, मी त्याला कोपऱ्यात दाबून ठेवलेला. दोनदा हाय पंच मारला, दोन्ही वेळा त्याने ब्लॉक केला. तिसऱ्यांदा मारायचं काही कारण नव्हतं, पण बोट गेलं. मूठ हवेत असतानाच स्क्रीनवर ड्राइव्ह इम्पॅक्टचा रंग उडाला. माझी मूठ त्याने अंगावर घेतली आणि त्याचा फटका बसला माझ्या मनगटाला. धालसिम गुडघ्यातून मोडल्यासारखा सावकाश खाली बसायला लागला. ते बसणं बघत राहण्याखेरीज तेव्हा काहीच करता येत नाही. केन चालत आला, पूर्ण कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची मालिका, लावला आणि जागा बदलून मला कोपऱ्यात घातलं.

कोपऱ्यात गेल्यावर दुसरं दुखणं सुरू होतं. धालसिमकडे शोर्युकेनसारखी चाल नाही. केन उठता उठता समोरच्याला उडवू शकतो. धालसिमला टेलिपोर्ट आहे, पण समोरच्याने ओळखला तर बाहेर पडताच मार. राहिला सुपर, म्हणजे सगळ्यात मोठी चाल, आणि तीही तिचा गेज भरलेला असेल तरच. मी तो राउंड तिथून हरलो.

कोणी म्हणेल, लांबून खेळणाऱ्यांचे दिवसच संपले. ते मला पटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिसला कॅपकॉम कप, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा, झाली, दहा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस, आणि ती तैवानच्या यूमाने जेपी घेऊन जिंकली. जेपीसुद्धा लांबूनच खेळतो. फरक एवढाच की त्याचे काटे समोरच्याच्या पायाखालून निघतात, त्यासाठी त्याला स्वतःचं अंग पुढे करावं लागत नाही. धालसिमला प्रत्येक वेळी स्वतःचा हात पणाला लावावा लागतो. माझ्या मते सगळा हिशेब इथे आहे.

त्यात स्पर्धेची रचना. ईव्होला हजारो लोक उतरतात, २०२३ मध्ये सहाव्या भागाला सात हजारांवर नावं होती. सुरुवातीच्या फेऱ्यांत तीनपैकी दोन गेम जिंकले की झालं, आणि तिथे धालसिम सोन्यासारखा. त्याच्याशी रोज कोण खेळतं? समोरचा अंदाज घेईपर्यंत सेट संपलेला असतो. शेवटी पाचपैकी तीन जिंकायचे असतात. तिथे समोर बसतो तो माणूस दोन गेम हरूनही शिकतो, आणि धालसिमवाल्याला तोच चोख खेळ सकाळपासून दहाव्यांदा करायचा असतो. केनला एक चूक परवडते, एका कॉम्बोत तो भरपाई करतो. धालसिमने समोरच्याचा जीव थोडा थोडा कमी करत मिळवलेली आघाडी एका चुकीत जाते.

आता ज्यांनी हे जमवलंय त्यांचे सामने बघा. चौथ्या भागातला अमेरिकेचा फिलिपिनो चॅम्प आणि न्यूयॉर्कचा आर्तुरो सांचेझ, पाचव्यातला जपानचा मोची, सहाव्यातला फ्रान्सचा मिस्टर क्रिमसन. बघताना एक गोष्ट टिपा: हे लोक लांबून मारत बसत नाहीत. हात दाखवून समोरच्याला थबकवतात, मग उडी, हवेतच टेलिपोर्ट, आणि थेट पाठीमागे. फिलिपिनो चॅम्पचा धालसिम तर अंगावर धावून येणारा होता. मला धालसिम खऱ्या अर्थाने कळला तो त्याच्यामुळे.

एक मनातलं. १९९१ मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा गळ्यात कवट्या, मागे हत्ती, तोंडातून आग, असा परक्याच्या कल्पनेतला भारत होता. तरी शाळेबाहेरच्या पार्लरमध्ये नाणं टाकून आम्ही पोरं त्यालाच निवडायचो, कारण तिथे आपला म्हणावा असा तो एकटाच होता. तुम्हालाही तो त्याच कारणाने आवडत असेल तर ते कारण पुरेसं आहे. रोज सरावाला बसवणारं कॅरेक्टरच शेवटी हातात मुरतं.

तेव्हा धालसिमच घ्या. पहिले दोन महिने कॉम्बोंच्या मागे लागू नका. ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या बाहुल्याला अधूनमधून उडी आणि अधूनमधून ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायला लावा. उडीला योग्य पाय, आणि इम्पॅक्टचा रंग दिसला की लगेच उलट इम्पॅक्ट. तो यायला २६ फ्रेम लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी. हात लांब केलेला नसेल तर तेवढा वेळ पुरतो.