लव्हबर्डला पेपरमिंट गार लागेल का?

प्रश्न : सर, पेपरमिंटची गोळी तोंडात असताना पाणी प्यायलं की दातांपर्यंत गार वाटतं. पाणी तर साधंच असतं! आमच्याकडे लव्हबर्डची जोडी आणि माशांची टाकी आहे. त्यांच्या पाण्यात पेपरमिंट अर्काचा एक थेंब टाकला तर त्यांनाही तसंच वाटेल का? (एक वाचक, इयत्ता नववी)

उत्तर : आधी ती बाटली जागेवर ठेव, मग बोलू.

गोळी तोंडात टाकण्याआधी आणि नंतर जिभेखाली थर्मामीटर धरून बघ. आकडा जवळजवळ तोच येईल. तोंड गार झालेलंच नसतं, मेंदूकडे निरोप मात्र तसा जातो. हा निरोप सुरू होतो चेतापेशीच्या आवरणातल्या एका प्रथिनापासून. त्याचं नाव टीआरपीएम-८. ही एक झडपच समज. तापमान साधारण २६ अंशांच्या खाली गेलं की ती उघडते, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात आणि चेतातंतू बोलू लागतो. पेपरमिंटमधलं मेन्थॉल या झडपेला चिकटलं की तिचा उंबरठा वर सरकतो, त्यामुळे कोमट तोंडातही ती उघडू लागते. त्यावर तू साधं पाणी प्यायलीस की तेही तिला बर्फाचं वाटतं. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी ही झडप वेगवेगळ्या वाटांनी शोधली. पुढे २०२१चं नोबेल दोघांना मिळालं, त्यामागच्या कामात हीसुद्धा होती.

आता तुझे पक्षी. पक्ष्यांमध्ये बारकाईने तपासली गेलेली झडप कोंबडीची. ती मेन्थॉलने उघडते, थंडीनेही उघडते; पण उंदरापेक्षा वरच्या तापमानाला, ३० अंशांच्या आसपास. कोंबडीचं अंगच मुळी ४१ अंशांचं, तेव्हा तिची ‘थंडी’ लवकर सुरू व्हायचीच. बेडकाची झडप उलट, उंदरापेक्षाही गारठ्यात उघडते.

मला स्वतःला सगळ्यात गंमत वाटते ती आयसिलिनची. हे प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन मेन्थॉलपेक्षा कितीतरी जहाल. उंदराला दिलं तर तो भिजलेल्या कुत्र्यासारखं अंग झटकतो! कोंबडीच्या झडपेवर मात्र ते ढिम्म. का? ही झडप म्हणजे ११०४ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या कड्यांची, साखळी. तिच्यात उंदराकडे ८०५व्या जागी ग्लायसिन आहे, कोंबडीकडे त्याच ठिकाणी अ‍ॅलानिन. फरक एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणूंचा, बस्स. फ्लायकॅचर नावाच्या पक्ष्याची झडप आयसिलिनसकट सूक्ष्मदर्शकाखाली बघायची होती, तेव्हा शास्त्रज्ञांना आधी तिथलं अ‍ॅलानिन काढून ग्लायसिन बसवावं लागलं.

माशांचं उत्तर छोटं आहे. तुझ्या टाकीतल्यासारख्या हाडाच्या माशांकडे टीआरपीएम-८चं जनुकच नाही. थंड पाणी त्यांना कळतं, पण या झडपेवाचून.

तरीही ‘मग माशांना काहीच होणार नाही’ असं समजू नकोस. मेन्थॉल एकाच दारावर थाप मारत नाही. एकदा मेन्थॉलचे खडे तोलून झाल्यावर मी हात न धुता डोळा चोळला. आधी डोळ्यात गार वारा शिरल्यासारखं झालं, आणि मागोमाग अशी चुणचुण सुटली की पाच मिनिटं नळाखालून डोकं काढता आलं नाही. अशा चुणचुणीत टीआरपीए-१ या दुसऱ्या झडपेचा हात असतो. तिची तऱ्हा आणखी वेगळी. उंदराची टीआरपीए-१ थोड्या मेन्थॉलने उघडते आणि जास्त झालं की बंद पडते. माणसाची नुसती उघडतच जाते, आणि फळमाशीची मेन्थॉलला दादच देत नाही. म्हणून उंदरावर जमलेला प्रयोग बघून माणसाबद्दल बोलताना आम्ही दहादा विचार करतो, आणि लव्हबर्डबद्दल बोलताना त्याहून जास्त.

शिवाय पेपरमिंटच्या अर्कात मेन्थॉल एकटं नसतं, मेन्थोनसारखी इतर तेलंही असतात. चिमूटभर वजनाच्या पक्ष्याला एक थेंब म्हणजे थोडंथोडकं नव्हे. प्रयोग करायचाच असेल तर थर्मामीटर आणि स्वतःची जीभ पुरे. आकडे वहीत लिहून मला पाठव, गोळीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही.