परदेशी शिक्षण, वाचकांचे प्रश्न : जर्मनीतील घरभाडे आणि महिन्याचा खर्च

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. माझ्या मुलाला जर्मनीत एम.एस्सी.साठी दोन ठिकाणी प्रवेश मिळत आहे, एक स्टुटगार्टला आणि दुसरा केम्नित्सला. प्रवेशाचे काम पाहणारे गृहस्थ तीन गोष्टी सांगतात : तेथील सरकारी विद्यापीठांत फी नसते, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडाव्या लागणाऱ्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच सुटणाऱ्या खात्यात, ११,९०४ युरो भरले की वर्ष निघते आणि कमी पडलेच तर मुलगा काम करून भागवतो. बँकेत कर्जाचा अर्ज देण्यापूर्वी हा हिशेब कितपत खरा आहे, ते आपल्याकडून समजून घ्यावे असे वाटले.

उत्तर : या तीन गोष्टींपैकी पहिली आपल्या बाबतीत निम्मी चूक आहे, दुसरी अर्धवट आहे आणि तिसरीवर भरवसा ठेवून कर्जाचा आकडा ठरवू नये.

फीचे आधी पाहू. स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात आहे, त्या राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो फी लावलेली आहे. केम्नित्सच्या तंत्रविद्यापीठात पदवीला जोडून केल्या जाणाऱ्या नेहमीच्या मास्टर्स अभ्यासक्रमाला अशी फी नाही. सत्रशुल्क म्हणून जी किरकोळ रक्कम सर्वांनाच भरावी लागते, तेवढीच तेथे भरावी लागेल. म्हणजे शहर निवडतानाच वर्षाला ३,००० युरोंचा, दरमहा २५० युरोंचा फरक पडतो.

आता ब्लॉक्ड अकाउंट. त्यात भरायची रक्कम १ सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो आहे. हा आकडा जर्मन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याच्या कमाल दरावरून ठरतो आणि तो साऱ्या देशाला सारखाच लागू असतो. विद्यार्थी म्युनिकला राहणार की केम्नित्सला, याचा त्यात विचार नाही. व्हिसासाठी लागणारी ती किमान रक्कम आहे. तिला घरखर्चाचे अंदाजपत्रक समजण्याची चूक मात्र घरोघरी होते.

केम्नित्समध्ये वसतिगृहाची किंवा सामायिक घरातील खोली वीज-पाणी-हीटिंग धरून साधारण ३०० ते ३५० युरोंत मिळू शकते. स्टुटगार्टला तशाच खोलीला ५५० युरो धरावेत आणि तेवढ्यात मिळाली तर समाधान मानावे. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा दरमहा १५० युरोंच्या आसपास, जेवणखाण २०० ते २४०, फोन आणि रेडिओ-दूरदर्शनची वर्गणी मिळून ३०, सत्रशुल्काचा मासिक वाटा ३० ते ३५ आणि कपडे, औषधे, वह्या-पुस्तके, एखादा प्रवास यांसाठी ८० धरले, तर माझ्या अंदाजाने केम्नित्सचा महिना ८५० युरोंच्या आत-बाहेर निघतो आणि स्टुटगार्टचा फी धरून १,३०० च्या पुढे जातो. पहिल्या ठिकाणी ९९२ मधून थोडे शिल्लक राहील. दुसऱ्या ठिकाणी दरमहा तीनशेहून अधिक युरो घरून जावे लागतील. म्हणून स्टुटगार्टला जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. त्या परिसरात मोटार उद्योग आहे आणि मुलाचा विषय त्याच्याशी निगडित असेल, तर हा जादा खर्च पुढे वसूलही होऊ शकतो. फक्त तो आधी कागदावर मांडलेला असावा.

वर दिलेला रेडिओ-दूरदर्शनचा खर्च पाहून आपल्याला नवल वाटेल. ही वर्गणी दरमहा १८.३६ युरो असते आणि घरात दूरदर्शन संच असो वा नसो, भरावीच लागते. ती माणशी नसून घरामागे एक असते, त्यामुळे चौघे एकत्र राहत असतील, तर एकाने भरून बाकीच्यांनी आपला वाटा त्याला द्यायचा असतो. या वर्गणीच्या मागणीचे पत्र घरी येते; त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना पुढे मागील सर्व महिन्यांची थकबाकी एकदम भरावी लागते.

खाण्यापिण्यात मात्र मुलाला फार काटकसर करायला सांगू नका. परदेशी गेलेली मुले उपास काढून भाडे भरतात, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्यातून महिन्याला चाळीस-पन्नास युरोंपलीकडे काही वाचत नाही. कांदे, बटाटे, कोबी, दूध, अंडी ‘आल्डी’ किंवा ‘लिडल’मध्ये स्वस्त मिळतात, मसूर डाळ आणि कोथिंबिरीची भरघोस जुडी तुर्की दुकानात मिळते आणि दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत, म्हणजे मेन्सामध्ये, विद्यार्थ्याला सवलतीत गरम जेवण मिळते. सामानात तीन लिटरचा कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा मात्र अवश्य द्या.

खरी ओढाताण होते ती पहिल्या दोन महिन्यांत आणि तिच्याबद्दल एजंट सहसा बोलत नाहीत. घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागू शकतो. येथे भाडे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, ज्याला जर्मनीत ‘काल्टमिटे’, थंड भाडे, असे म्हणतात. हीटिंग, पाणी वगैरे मिळवून होते ते ‘वार्ममिटे’, गरम भाडे. जाहिरातीत कोणता आकडा दिला आहे, ते नीट वाचावे. थंड भाडे ४०० असेल, तर अनामत १,२०० पर्यंत जाते. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे, पण नव्याने आलेल्या मुलाला तो माहीत नसतो आणि घरमालक आपण होऊन सांगत नाही. शिवाय सामान नसलेली जागा मिळाली, तर तेथे पलंगच काय, छताला दिवाही नसतो. नुसत्या दोन तारा लोंबत असतात आणि पुष्कळदा स्वयंपाकाचा ओटाही आधीचा भाडेकरू उचलून नेतो.

या काळात ब्लॉक्ड अकाउंटमधील पैसे हाताशी येत नाहीत, ही खरी मेख आहे. ते दरमहा ९९२ प्रमाणेच सुटतात आणि तेही मुलाचे जर्मनीत चालू खाते उघडून ते जोडले गेल्यावर. खाते उघडण्यासाठी पुष्कळ बँका पत्त्याची सरकारी दफ्तरातील नोंदणी मागतात आणि नोंदणीसाठी आधी घर लागते. या फेऱ्यात तीन-चार आठवडे सहज जातात. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटशिवाय १,५०० ते २,००० युरो फॉरेक्स कार्डावर वेगळे द्यावेत. विमानाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क आणि हे पैसे कर्जाच्या रकमेत धरून घ्या. बँकेला तसा तपशील दिला, तर ती सहसा आडकाठी करत नाही.

कामाविषयी. विदेशी विद्यार्थ्याला तेथे वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. हे ऐकायला चांगले वाटते. परंतु जर्मन न येणाऱ्या मुलाच्या वाट्याला पहिल्या सत्रात गोदामातील नाहीतर भांडी घासण्याचे काम येते. ते शहराबाहेर असते, पाळ्या रात्रीच्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याख्यान असते. पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात या मिळकतीच्या रकान्यात शून्य लिहावे. दुसऱ्या वर्षी विषयाशी संबंधित काम मिळाले, तर हप्त्याचे व्याज त्यातून भरता येईल.

पैसे पाठवताना लागणारी एक बाबही सांगून ठेवतो. स्वतःच्या बचतीतून एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा अधिक रक्कम परदेशी पाठवली, तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेला ही कपात नाही. त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम कर्जातून आणि सुरुवातीचा किरकोळ खर्च बचतीतून करणे आपल्याला सोयीचे पडेल.

प्रश्न : मी मूळची रत्नागिरीची असून १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत शिकते. खोलीचा करार थेट घरमालकाशी आहे आणि भाडे दरमहा वेळेवर भरते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये घरमालकाचे पत्र आले, त्यात २०२४ या वर्षाच्या हीटिंग व इतर खर्चापोटी २१० युरो अधिक मागितले आहेत. मी त्या वर्षी तीनच महिने राहिले होते. ही मागणी योग्य आहे का?

उत्तर : गरम भाड्यातील हीटिंग-पाण्याचा भाग ही उचल असते, अंतिम बिल नव्हे. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब होतो आणि कमी पडलेली रक्कम मागितली जाते. जास्त भरली असेल, तर परतही मिळते. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तो भाडेकरूच्या हाती पडला पाहिजे, असा नियम आहे. तुमचे पत्र ३१ डिसेंबर २०२५ पूर्वी आले असल्याने मुदतीचा आक्षेप घेता येणार नाही.

तुम्ही तीन महिने राहिलात, म्हणून वर्षाच्या हीटिंगचा चौथा हिस्सा तुमच्याकडे येईल, असे मात्र समजू नका. भाडेकरू मध्येच बदलला आणि त्या वेळी मीटरची नोंद घेतली गेली नसेल, तर तेथे महिन्यांना थंडीप्रमाणे वजन देणारा तक्ता वापरतात. त्यात वर्षाचे १,००० भाग धरले, तर जानेवारीला १७०, ऑक्टोबरला ८०, नोव्हेंबरला १२० आणि डिसेंबरला १६० भाग येतात; जून, जुलै, ऑगस्ट मिळून अवघे ४०. म्हणजे तुमच्या तीन महिन्यांच्या वाट्याला ३६ टक्के हीटिंग येते. पाणी आणि कचरा यांसारख्या खर्चाला हा तक्ता लागत नाही; तेथे तीन महिन्यांचा हिस्सा चौथाच असावा. पत्रात तुमचा कालावधी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर असाच धरला आहे का आणि तुम्ही भरलेली तीन महिन्यांची उचल वजा केली आहे का, हे आधी तपासा. शंका असेल, तर मूळ बिले पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि आक्षेप नोंदवायला हिशेब मिळाल्यापासून बारा महिने असतात. पुष्कळ शहरांत विद्यार्थी कल्याण संस्था, म्हणजे ‘श्टुडिरेंडेनवेर्क’, विनामूल्य कायदेशीर सल्ला देते. पत्र घेऊन तेथे जा. रक्कम योग्य निघाली, तर हप्ते मागायला संकोच करू नका.

पुढच्या हिवाळ्यासाठी एक गोष्ट. आपल्या कोकणात खिडकी दिवसभर उघडी असते, ती सवय तेथे महाग पडते. खिडकी वरून थोडी कलती ठेवून हीटर चालू ठेवला, की पैसे बाहेर जातात. अजिबात उघडली नाही आणि खोलीतच कपडे वाळत घातले, तर खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च पुढे अनामतीतून कापला जातो. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच मिनिटे सताड उघडावी. हीटरच्या चावीवर ३ हा आकडा म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त अधिक तापते.

प्रश्न : मी पुण्याहून सप्टेंबरमध्ये जर्मनीला जाणार आहे. संकेतस्थळावर शहराच्या मध्यभागी ३८० युरोंत सुसज्ज घर मिळत आहे. मालक दुसऱ्या देशात असल्याने भेटू शकत नाहीत. १,४०० युरो भरले की किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणतात. भरावेत का?

उत्तर : नाही. स्वस्त घर, परदेशी असलेला मालक आणि कुरिअरने येणारी किल्ली हा फसवणुकीचा जुना साचा आहे. सोबत पाठवलेली पासपोर्टची प्रत बहुधा दुसऱ्याच कोणाची असते. त्या मालकाला दोनच गोष्टी विचारा : तुमचा ओळखीचा कोणी विद्यार्थी उद्या घर पाहायला येईल, चालेल का? आणि पत्त्याच्या नोंदणीसाठी लागणारे, घरमालकाच्या सहीचे पत्र मिळेल का? ते पत्र न देणारे घर खरे असले तरी घेऊ नका, कारण त्यावाचून तुमचे पुढचे प्रत्येक काम अडते.

वसतिगृहासाठी प्रवेशपत्र मिळालेल्या दिवशीच अर्ज करा. यादी लांब असेल, तर सुट्टीत गावी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या एक-दोन महिन्यांसाठी मिळतात. तेथे राहून कायमची खोली प्रत्यक्ष पाहून ठरवता येते. त्या गृहस्थांना काही रक्कम आधीच पाठवली असेल, तर आजच बँकेत जाऊन व्यवहार थांबवण्याचा लेखी अर्ज द्या आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.