नको म्हटल्यावरही आत्या का वाढते?

प्रिय मनू,

ओहायोतल्या कोलंबसहून, आत्याकडून परतताना, पेनसिल्व्हेनियातले बोगदे सुरू झाले तेव्हा तू विचारलंस, "बाबा, मी तीनदा नको म्हटलं, तरी आत्याने पोळी का वाढली? शाळेत सांगतात, नाही म्हटलं की नाही." मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो. मग टस्करोराचा बोगदा आला, त्यानंतर किटॅटिनी आणि ब्लू माउंटन हे पाठोपाठचे दोन. धाकटा बोगदे मोजत बसला आणि तुझं उत्तर राहून गेलं. आज लिहून देतोय. एखादा शब्द अडला तर आजीला फोन कर.

मी लहान असताना आम्ही सुट्टीत बडोद्याला मावशीकडे जायचो. बडोदं गुजरातमध्ये, पण तिथे गायकवाडांचं राज्य होतं, त्यामुळे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच झालेली. गाडी स्टेशनात शिरायच्या आत तुझी आजी, म्हणजे माझी आई, मला बजावायची, "कुणी काही दिलं की लगेच हात पुढे करायचा नाही. हावरट दिसतं." म्हणून मावशीने लाडू पुढे केला की मी नको म्हणायचो. मावशीही लहानपणी हेच ऐकून वाढलेली. तिला ठाऊक असायचं, हे पहिलं नको आईने शिकवलेलं आहे. ती पुन्हा विचारायची. दुसरं नको कधी संकोचाचं असायचं, कधी "त्यांना पुरेल ना?" या काळजीचं. ती तिसऱ्यांदा विचारायची तेव्हा कुठे मी लाडू घ्यायचो. या विचारण्याला आग्रह म्हणतात. लग्नाच्या पंगतीत तर यजमान स्वतः जिलबीचं ताट घेऊन फिरतात, "माझ्या हातची एक तरी घ्या" म्हणतात आणि मग "सावकाश होऊ द्या" म्हणत पुढच्या पानाकडे जातात.

आता आत्याचं. ती लग्न होऊन ओहायोला आली त्या पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी तिला थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला बोलावलं होतं. भोपळ्याचा गोड 'पाय' (pie) पुढे आला. ती सवयीप्रमाणे नको म्हणाली. त्यांनी मान डोलावून बशी पुढच्या माणसाला दिली. ती माणसं चांगली होती, त्यांनी तिचा शब्द मानला. पण त्या रात्री आत्याने मला फोन केला आणि रडली. "इथे कुणी दुसऱ्यांदा विचारतच नाही रे," एवढंच म्हणत राहिली. तिच्या घरातून कुणी पोट न भरता उठू नये असं तिला तेव्हापासून वाटतं. आपण येणार म्हणून तिने आदल्या दिवशीच डाळ शिजवून पुरण वाटून ठेवलं होतं.

पण तुझं नको शिकवलेलं नव्हतं, खरं होतं. पिट्सबर्गच्या वेंकटेश्वराच्या देवळात आपण चिंचेचा भात आणि दहीभात खाल्ला, त्याला जेमतेम तीन-चार तास झाले होते. आत्याला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. वर तुला म्हणालो, "पानात टाकायचं नाही, संपव." तू डोळे पुसत संपवलीस. ती चूक माझी आहे, मनू. ती पोळी मी माझ्या पानात घ्यायला हवी होती. बापाने लेकीचं उष्टं खाल्लं तर काही बिघडत नाही.

यापुढे असं कर. पोट भरलं असेल तर नुसतं नको म्हणू नकोस. ताटावर हात आडवा धर आणि म्हण, "आत्या, खरंच पोट भरलं." या "खरंच"ला आपल्याकडे फार वजन आहे. चव बघायची असेल तर वाढायच्या आधीच "अर्धीच दे" म्हण. त्यावर मोठी माणसं खूश होतात. एवढं करूनही कुणी वाढलंच, तर माझ्याकडे बघ, मी बोलेन.

आणि एक गोष्ट वेगळी. आग्रह फक्त जेवणाचा. कुणी जवळ घेत असेल, पापा घेत असेल आणि तुला नको असेल, तर तिथे तुझ्या शाळेचंच बरोबर. एकदा नको म्हटलं की संपलं, मग ती आत्या असो की आजी. हे मी आत्यालाही सांगितलंय. ती लगेच म्हणाली, "बरोबर आहे तिचं." पोळीबद्दलही तिला वाईट वाटलं. "मला सांगायचंस ना," म्हणाली.

गणपतीला आत्या आपल्याकडे, न्यू जर्सीत एडिसनला येतेय. मोदक आई करेल, पण वाढायला तू ये. एवढा लांबचा प्रवास करून आलेली आत्या दोन मोदक खाऊन नको म्हणेल. तेव्हा तिला अजून एकदा विचार.

तुझा,
बाबा