पाचवी-सहावीच्या वर्गात वर्षभर, दर आठवड्याला एक नवीन असे कोणते उपक्रम घेता येतील? माझ्या कल्पना संपल्यात.

दर आठवड्याला नवीन उपक्रम हवाच कशाला, हा माझा पहिला प्रश्न. मी बरीच वर्षं विज्ञान आणि गणित शिकवतेय आणि माझं स्पष्ट मत आहे की उपक्रम या नावाखाली जे चालतं त्यातलं निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना दाखवण्यासाठी असतं. एका आठवड्यात कागदाची फुलं, पुढच्या आठवड्यात घोषवाक्यं, मग कुठलातरी दिन, फोटो काढले, फाइलला लावले, विषय संपला. मुलांना महिन्याभराने विचारा, आपण त्या दिवशी काय केलं होतं ते सुद्धा धड सांगता येत नाही त्यांना. तुमच्या कल्पना संपल्या यात तुमचा काही दोष नाही, अशा मागणीने कोणाच्याही संपतील.

मी जे केलं ते सांगते. शाळा सुरू झाल्या झाल्या मैदानाच्या एका कोपऱ्यात सहावीच्या मुलांनी एक मीटरची काठी सरळ रोवली आणि ठरवलं की दर सोमवारी मधल्या सुट्टीची बेल झाली की सावलीच्या टोकावर ऑइल पेंटचा ठिपका मारायचा, शेजारी तारीख लिहायची, सावलीची लांबी मोजायची आणि वहीत एक वाक्य लिहायचं. ढग असले तर "आज ढग" एवढं लिहायचं. दोन मिनिटांचं काम आहे, तासातला वेळ जात नाही.

पहिले काही आठवडे मुलांना वाटलं हे सोपं आहे, सावली लांब होते नाहीतर आखूड होते, बस. मग वर्गात कधी हात वर न करणारी एक मुलगी होती, ती नोव्हेंबर उलटल्यावर म्हणाली, बाई, सावली बाजूला पण सरकतेय. हुशार म्हणवणाऱ्या मुलांनी लगेच ठरवलं की काठी हलली असणार. मग त्यांनी दोऱ्याला दगड बांधून ओळंबा केला आणि तपासलं, काठी सरळ होती. मग म्हणाले शिपाईकाका बेल उशिरा देतात, म्हणून एकाने फोनचं घड्याळ आणि बेल दोन्ही जुळवून बघितलं, तेही बरोबर निघालं. तरीही ठिपके आपले एका बाजूला सरकतच होते, फेब्रुवारीपर्यंत. मी तोंड उघडलं नाही. उत्तर माहीत असताना गप्प राहणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, पण त्या काही आठवड्यांत मुलं जे शिकली ते मी फळ्यावर दहा आकृत्या काढून शिकवू शकले नसते.

शेवटी एकत्र बसून उलगडलं. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आहे, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि तेव्हा तिचा वेग जास्त असतो, शिवाय तिचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला. या दोन्हीमुळे सूर्याचं घड्याळ आणि आपलं घड्याळ वर्षभर एकत्र चालत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण १६ मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला साधारण १४ मिनिटं मागे. म्हणजे पोरीचं बरोबर होतं आणि तिने ते पुस्तकात न वाचता जमिनीवर बघून सांगितलं होतं. वर्षभराचे ठिपके जोडले की लांबट इंग्रजी आठाचा आकडा तयार होतो, आणि तो पूर्ण व्हावा म्हणून सुट्टीत जवळ राहणारी मुलं आपणहून आळीपाळीने येऊन ठिपके मारून गेली, मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

आता यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं काय, तर सावल्या मोजून मार्क मिळत नाहीत, पोर्शन मागे पडेल आणि उपक्रमांच्या फाइलमध्ये तुमचा वर्षभराचा एकच कागद आहे. हे मला सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये ऐकवलं. तेव्हा वाद वाढवला नाही, पण उत्तर आजही तेच आहे. त्या एका काठीतून कोन आले, कोनमापक आला, गुणोत्तर आलं (सावली काठीएवढी झाली की सूर्य ४५ अंशांवर असतो, हे मुलांनी स्वतः काढलं), सरासरी आली, आलेख आला, दिशा आल्या, ऋतू आले. २१ मार्चच्या आसपास एकाच दिवसात दर अर्ध्या तासाने ठिपके मारले तर ते जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते, होकायंत्र लागत नाही. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अशाच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला, एका गावात दुपारी सावली नाही आणि दुसऱ्या गावात ७.२ अंशांचा फरक, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन गावांतलं अंतर गुणिले ५०. हा गुणाकार सहावीचं मूल करतं. याला पोर्शन मागे पडणं म्हणत असतील तर पोर्शन म्हणजे काय ते आधी ठरवा. जे पान नुसतं उलटलं ते पूर्ण झालं असं मी मानत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते. काठी हा वर्षभराचा कणा धरा आणि रोजच्या तासाला छोट्या सवयी लावा, त्यांना तयारी लागत नाही. तास सुरू होताना वही बंद ठेवून तीन प्रश्न: एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा, मार्क नाहीत. आठवायचा प्रयत्न केला की पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त टिकतं, रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोगातून दाखवलंय. दुसरं, प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणावर संशोधन करणाऱ्या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज ऐकली तर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते, तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब झाली आणि न बोलणारी मुलंही बोलायला लागली. माझी ती मुलगी अशाच थांबण्यामुळे बोलली असं मला मनापासून वाटतं. मोठा धडा असेल तर तुकडे करून गटात वाटा, एका तुकड्याची सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो समजून घेतील आणि मग आपापल्या गटात जाऊन शिकवतील, ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये वर्गातली भांडणं कमी करायला हे काढलं होतं. मूल बघून शिकणारं की ऐकून शिकणारं असे गट पाडून वेगवेगळे उपक्रम करायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा, त्याने शिकणं वाढतं याला पुरावा नाही.

भाषेसाठी वगैरे मी काही सांगत नाही, तो माझा विषय नाही.

आणि हो, काठीचं राहिलंच. जमीन सपाट हवी. मैदान नसेल तर खिडकीच्या कट्ट्यावर छोटा आरसा चिकटवा आणि छतावर पडणाऱ्या कवडशाच्या जागांवर पेन्सिलने खुणा करा. लहान मुलांना सेंटिमीटर जमत नसतील तर सावलीएवढी सुतळी कापून भिंतीवर ओळीने लावा, आलेख आपोआप तयार होतो. खूप उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे राहत असाल तर हिवाळ्यात सावली फार लांब जाईल, काठी आखूड घ्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही हे पहिल्याच दिवशी बजावा आणि नंतरही अधूनमधून सांगत राहा. आणि मैदान कार्यक्रमासाठी लागतंय म्हणून कोणी काठी उपटायला आलं तर आधी भोकाभोवती पेंटने गोल काढून घ्या, तिथेच परत रोवता येते. आमची दोनदा उपटली होती.